सेल्स टॅक्स भरून देणारी सेवा: वर्षभर वापरून, पाचपैकी अडीच तारे

आधी हिशेब सांगते, म्हणजे घाई असलेल्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. २०२३ सालात मी चार राज्यांना मिळून ९४६ डॉलर सेल्स टॅक्स भरला. तो वेळेवर जावा म्हणून ज्या ऑनलाइन सेवेचं खातं काढलं, तिचं वर्षाचं बिल झालं ७३३ डॉलर. महिन्याची वर्गणी २९, शिवाय दर रिटर्नमागे ३५. सेवेचं नाव लिहीत नाही. एक तारा त्यांनी माझ्या मूर्खपणामुळे गमावलाय, तेव्हा नाव घेऊन बोलणं बरं दिसणार नाही. उरलेला दीड मात्र त्यांचा त्यांनी गमावला.

मी राहते एडिसन, न्यूजर्सीत. बेसमेंटमध्ये धंदा. खणाची परकर-पोलकी, मुलांची जॅकेटं, शिवलेल्या नऊवारी आणि गोधड्या. थोडा माल एका मोठ्या मार्केटप्लेसवर विकते, थोडा स्वतःच्या वेबसाइटवर. गणपतीत फिलाडेल्फियाबाहेर एका मंडळात स्टॉल, दिवाळीआधी न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्समध्ये दुसरा. स्टॉलमुळे पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्कची नोंदणी आधीपासूनच होती. त्या राज्यात टेबल मांडून बसलात की तुम्ही तिथे हजर, मग कर गोळा करायचा, यात वाद नाही. ही तीन राज्यं मी वहीत हिशेब ठेवून स्वतः सांभाळत होते.

वही अपुरी पडली ती केरीमुळे. नॉर्थ कॅरोलायनातलं केरी. तिथे मी आयुष्यात एकदाच गेलेय, तेही मावसबहिणीच्या मुलीच्या बारशाला. तिथल्या मराठी शाळेचं स्नेहसंमेलन होतं, पोरांना एकसारखी खणाची जॅकेटं हवी होती. डिसेंबर २०२२ मध्ये ७४ पालकांनी ७४ वेगवेगळ्या ऑर्डरी दिल्या. मला आनंद झाला, रात्र रात्र जागून पाकिटं भरली. नाताळात आमचे सीपीए (म्हणजे इथले सीए) काका चहाला आले होते. ते बिस्किट बुडवता बुडवता म्हणाले, "नॉर्थ कॅरोलायनात या वर्षी एकूण किती ऑर्डरी झाल्या गं तुझ्या?" मोजल्या. वेबसाइटवरून १३१, मार्केटप्लेसवरून ८६. बेरीज २१७.

"झालं," काका म्हणाले. "दोनशेच्या वर गेलीस."

तेव्हा तिथला नियम असा होता: वर्षाला एक लाख डॉलरची विक्री किंवा २०० व्यवहार, दोहोंपैकी एक जरी ओलांडलं तरी नोंदणी करून कर गोळा करायचा. मार्केटप्लेसवरच्या विक्रीचा कर ते लोकच कापून भरतात, पण मोजताना ती विक्रीही धरायची. माझी रक्कम लाखाच्या जवळपाससुद्धा नव्हती. शाळेनं ७४ जॅकेटांची एकच ऑर्डर दिली असती, तर तो एक व्यवहार ठरला असता आणि मी हा रिव्ह्यू लिहीत बसले नसते. (शाळेच्या ताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, सगळ्यांकडून पैसे गोळा कोण करणार?" खरंय. तेच काम मग मी केलं, राज्यासाठी.)

ही सेवा कशाला हवी आणि ती कुठे कमी पडते, हे समजायला जरा मागे जावं लागेल. थोडक्यात आटपते.

अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिल्या कलमाच्या आठव्या भागात एक छोटं वाक्य आहे: परदेशांशी आणि राज्याराज्यांत चालणाऱ्या व्यापाराचं नियमन काँग्रेस, म्हणजे इथली संसद, करेल. ते तिथे का आलं याचं कारण आमच्या अंगणातलंच. घटना होण्याआधी परदेशी मालावर बंदरवाली राज्यं जकात लावायची आणि ज्यांना धड बंदर नाही त्यांना ती मुकाट भरावी लागायची. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या मधे सापडलेल्या न्यूजर्सीला त्या काळी दोन्ही टोकांना तोट्या बसवलेलं पिंप म्हणत, असं घटनेच्या शिल्पकारांपैकी एक, जेम्स मॅडिसननं लिहून ठेवलंय. गंमत पुढे आहे. त्याच वाक्यात व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलायनाच्या मधल्या नॉर्थ कॅरोलायनाला त्यानं दोन्ही हातांतून रक्त वाहणारा रुग्ण म्हटलंय. म्हणजे मी पिंपातून जॅकेटं पाठवते रुग्णाला. हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसत होते, नवऱ्याला वाटलं रील बघतेय.

सांगलीला लहानपणी बाबांच्या दुकानाचा ट्रक जकात नाक्यावर तासन् तास उभा राहायचा, ते आठवलं. इथे नाका नाही. माझा माल मुंबईहून न्यूअर्कला येतो तेव्हा कस्टम्स एकच, संघराज्याचं. न्यूजर्सी त्यावर वेगळी आयात जकात लावू शकत नाही. दार एक, नियम एक, फॉर्म एक. तोच माल इथून दुसऱ्या राज्यात निघाला की समोर सेल्स टॅक्स घेणारी ४५ राज्यं आणि वर वॉशिंग्टन डीसी, प्रत्येकाची पद्धत निराळी.

पूर्वी माझ्यासारखीला आडोसा होता. १९९२ च्या क्विल खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की विक्रेत्याचं दुकान, गोदाम किंवा माणूस राज्यात नसेल, तर ते राज्य त्याला कर गोळा करायला लावू शकत नाही. लावायचंच असेल तर काँग्रेसनं कायदा करावा. काँग्रेसनं केला नाही. २०१३ मध्ये सेनेटनं ६९ विरुद्ध २७ मतांनी एक विधेयक मंजूर केलं, ते हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहात, जाऊन बसलं ते बसलंच. तोवर सगळा बाजार इंटरनेटवर आला आणि राज्यांचा कर बुडू लागला. साउथ डकोटात तर राज्याचा आयकरच नाही, सगळी भिस्त सेल्स टॅक्सवर. त्यांनी २०१६ मध्ये मुद्दाम क्विलच्या विरोधात जाणारा कायदा केला, लाख डॉलर किंवा २०० व्यवहार. प्रकरण वेफेअर या ऑनलाइन फर्निचर विकणाऱ्या कंपनीच्या नावानं सुप्रीम कोर्टात गेलं आणि २१ जून २०१८ ला पाच विरुद्ध चार मतांनी क्विल मोडीत निघालं. मग एकेक करत सेल्स टॅक्सवाल्या सगळ्या राज्यांनी तसे कायदे केले. शेवटी राहिलेलं मिझुरी १ जानेवारी २०२३ ला आलं, म्हणजे मी नॉर्थ कॅरोलायनाच्या नोंदणीचा फॉर्म भरत होते त्याच महिन्यात.

आकडे मात्र ज्याचे त्याचे. कॅलिफोर्निया आणि टेक्सास पाच लाख डॉलरपर्यंत तुमच्याकडे ढुंकून बघत नाहीत. न्यूयॉर्कला पाच लाख आणि शंभराहून जास्त विक्री, दोन्ही लागतं. इतक्या मोठ्या राज्यांना मी दिसत नाही आणि केरीतल्या ७४ पोरांमुळे नॉर्थ कॅरोलायनाला दिसले.

आता सेवेकडे वळते.

जे चांगलं आहे ते मनापासून चांगलं आहे. पत्त्यावरून दर काढण्यात ही सेवा तरबेज. केरीशेजारचं मॉरिसव्हिल वेक आणि ड्युरम अशा दोन काउंट्यांत (इथले जिल्हेच) पसरलंय. एकीकडे ७.२५ टक्के, दुसरीकडे ७.५. मी वहीत गावाच्या नावावरून दर लिहिला असता तर निम्म्या ऑर्डरी चुकल्या असत्या. ही सेवा घर क्रमांक बघते. दोन मॉरिसव्हिलकर मैत्रिणींनी एकच जॅकेट घेतलं आणि दोघींना दोन कर लागले. त्यांनी मला फोन करून विचारलं, मी काउंटीच्या संकेतस्थळावर ताडून पाहिलं. सेवेचं बरोबर होतं.

तारखाही पक्क्या सांभाळते. हे किती मोठं काम आहे ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. न्यूजर्सी आणि नॉर्थ कॅरोलायना मला तिमाही भरायला लावतात, पण न्यूजर्सीची मुदत पुढच्या महिन्याची २० तारीख आणि नॉर्थ कॅरोलायनाची महिनाअखेर. पेनसिल्व्हेनिया माझ्याएवढ्या लहान माणसाला सहा महिन्यांनी एकदा विचारते. न्यूयॉर्क वर्षातून एकदाच, पण त्यांचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं आणि फेब्रुवारीत संपतं, २० मार्चला भरायचं. असे अकरा फॉर्म. वर्षभरात एकही चुकला नाही. दोन तारे इथले.

मग मालाचे प्रकार. इथे माझी आणि सॉफ्टवेअरची खरी झटापट झाली.

प्रत्येक वस्तूला यादीतून एक प्रकार निवडून द्यावा लागतो. न्यूजर्सीत कपड्यांना कर नाही. पेनसिल्व्हेनियातही नाही, पण समारंभी पोशाखाला आहे. न्यूयॉर्क शहरात ११० डॉलरच्या आतल्या कपड्याला नाही. ११० झाले की पूर्ण रकमेवर ८.८७५ टक्के. नॉर्थ कॅरोलायनात सरसकट आहे. यादीत साडी नव्हती. शिवलेली नऊवारी 'साधे कपडे' की 'समारंभी पोशाख' की 'कॉस्च्यूम', हे मी त्यांच्या मदत केंद्राला विचारलं. तीन दिवसांनी उत्तर आलं: हा पोशाख लोक रोजच्या वापरात घालतात का? आता काय सांगू! माझी आजी नऊवारीत विहिरीवर पाणी भरायची आणि माझी भाची ती नेसून फक्त ढोल-ताशा पथकात फोटो काढते. मी दोन्ही लिहून पाठवलं. त्यावर उत्तर आलं की अंतिम निर्णय विक्रेत्याचा आणि जबाबदारीही. हे वाक्य त्यांच्या करारात आहेच, तेव्हा फसवलं म्हणणार नाही. पण मग २९ डॉलर नेमके कशाचे?

न्यूयॉर्कचं मी माझ्या परीनं सोडवलं. ११८ ची नऊवारी क्वीन्सच्या स्टॉलवर १०९ ला लावली. सगळ्या गेल्या.

ब्लाउजपीस हा आणखी एक फाटा. साडीबरोबरचा न शिवलेला तुकडा कपडा मानायचा की कापड? तुम्हाला वाटेल मी उगाच कीस काढतेय. पण वेफेअरच्या निकालात विरोधी मत लिहिताना सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी नेमका आमच्या न्यूजर्सीचाच दाखला दिलाय: इथे स्वेटरसाठी घेतलेल्या लोकरीला कर नाही, कलाकुसरीसाठी घेतलेल्या लोकरीला आहे. त्यांचं म्हणणं होतं की देशात कर लावणारी दहा हजारांवर ठिकाणं आहेत, याचा भार लहान विक्रेत्यावर पडेल आणि असा बदल काँग्रेसनं करायचा असतो. निकाल त्यांच्या बाजूनं लागला नाही. माझ्या बेसमेंटमध्ये मात्र बहुमत त्यांचं.

माझा मूर्खपणा आता कबूल करते. प्रकार निवडताना खाली एक चौकोन होता, 'सर्व वस्तूंना लागू करा'. तो मी जॅकेटं भरताना टिक केला आणि गोधड्याही कपडे झाल्या. न्यूजर्सीत गोधडीला कर आहे, अंथरूण-पांघरूणाचा माल तो. सात महिन्यांत नऊ गोधड्या गेल्या, पोस्टेजसकट १४५ ला एक. १,३०५ वर ६.६२५ टक्के, म्हणजे ८६.४६. गिऱ्हाइकांकडे मागायला तोंड नव्हतं, खिशातून भरले. चूक माझी, पण गोधडीला कपडा म्हटल्यावर सॉफ्टवेअरनं एकदा तरी 'नक्की ना?' विचारायला हवं होतं. वस्तूच्या नावात 'क्विल्ट' शब्द ढळढळीत होता.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. अडीचवर आणलं ते पुढच्या गोष्टीनं.

२०२४ च्या सुरुवातीला वर्षाचं बिल घेऊन सीपीए काकांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "नॉर्थ कॅरोलायनाचे पैसे तू यांना का देतेस?" मग त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे स्वतः वाचून खात्री केली. स्ट्रीमलाइन्ड सेल्स टॅक्स नावाचा राज्यांचा आपापसातला करार आहे, २००५ पासून लागू. २४ राज्यं त्यात आहेत. वस्तूंच्या व्याख्या जमतील तितक्या सारख्या ठेवायच्या आणि नोंदणी एकाच फॉर्मवर. या राज्यांनी काही कंपन्यांना मान्यता दिलीय. ज्या करार-राज्यात तुमचं दुकान, गोदाम, नोकर नाही, तिथला कर मोजायचं, रिटर्न भरायचं काम त्या कंपन्या तुमच्यासाठी फुकट करतात. त्यांचा मेहनताना राज्य देतं. नॉर्थ कॅरोलायना त्या २४ मध्ये आहे.

वेफेअरच्या निकालात बहुमताचं मत लिहिताना न्यायमूर्ती केनेडी यांनी साउथ डकोटाच्या बाजूचे जे मुद्दे मोजले, त्यांत हा एक होता: राज्य या करारात आहे, विक्रेत्याला सॉफ्टवेअर राज्याच्या खर्चानं मिळतं आणि ते वापरणाऱ्यावर तपासणीची तलवार नाही. म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या लहान विक्रेत्यावर ओझं टाकायला कोर्ट ज्या आधारावर राजी झालं, त्यातला एक आधार ही फुकट सोय. आणि वर्षभर पैसे घेणाऱ्या सेवेनं तिचा उल्लेख एकदाही केला नाही. मी चॅटवर विचारलं. उत्तर आलं, 'आमच्या योजनेत ही सुविधा समाविष्ट नाही.' खोटं काही नाही. मीही माझ्या गिऱ्हाइकाला सांगत नाही की शेजारच्या दुकानात जॅकेट स्वस्त आहे. तरीपण.

लगेच धावू नका, सगळं फुकट होत नाही. न्यूजर्सी करारात आहे, पण ते माझं घर, तिथे मी दूरची विक्रेती नाही. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, कॅलिफोर्निया, टेक्सास करारातच नाहीत. राज्यांनी आपापसात बसून काँग्रेसचं काम अर्धं केलंय, या मोठ्या राज्यांनी त्याला हात लावला नाही.

मी मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलायना तिकडे हलवलं. बाकीच्या तीन राज्यांचे सात फॉर्म पुन्हा वहीत, फोनवर २० मार्चचा गजर. आणि १ जुलै २०२४ ला नॉर्थ कॅरोलायनानं २०० व्यवहारांची अटच काढून टाकली. साउथ डकोटानं, जिथून हा २०० चा आकडा आला, तीच अट वर्षभर आधी, जुलै २०२३ मध्ये काढली होती. मी तिथलं खातं बंद केलं. आता केरीकरांना माझ्या वेबसाइटवर कर लागत नाही. खरं तर तो यूझ टॅक्स म्हणून त्यांनी आपल्या राज्याच्या आयकर फॉर्मवर स्वतः दाखवायचा असतो. न्यूजर्सीच्या फॉर्मवरही तशी ओळ आहे. ती कोण कोण भरतं, हे मी कुणाच्या घरी जाऊन विचारणार नाही.

कुणी घ्यावी ही सेवा? वर्षाला हजारो ऑर्डरी असतील, पाच-सहा करारबाहेरच्या राज्यांत नोंदणी असेल, तर डोळे झाकून घ्या, पत्त्यांचं काम हातानं होणार नाही. दोन-तीन राज्यांत स्टॉल लावणाऱ्या माझ्यासारखीनं आधी ती २४ राज्यांची यादी बघावी आणि तो 'सर्व वस्तूंना लागू करा' चौकोन टिक करण्याआधी एक घोट पाणी प्यावं.

क्वीन्सला कुडते विकणारी माझी मैत्रीण हीच सेवा वापरते. परवा तिनं तिचं बिल पाठवलं. माझं महिन्याचं २९ यायचं, तिचं ३१.५७. न्यूजर्सीत असल्या ऑनलाइन सॉफ्टवेअरच्या वर्गणीला सेल्स टॅक्स नाही, न्यूयॉर्कमध्ये आहे. सेल्स टॅक्स भरायच्या सॉफ्टवेअरवर तिला ८.८७५ टक्के सेल्स टॅक्स लागलाय, पत्त्यावरून अगदी बिनचूक काढलेला.